पुण्यात गाडी घासली तर जागेवर मिटवायचं का?

पुण्यात नवीन आलात आणि गाडी घेऊन आलात, तर ती आज ना उद्या घासणार हे धरूनच चाला. वाकडचा भूमकर चौक घ्या, संध्याकाळचा सिंहगड रस्ता घ्या, नाहीतर विद्यापीठ चौक. कुणीतरी कुणाच्या तरी बंपरला टेकलेलं असतंच. मी लातूरचा. इथे येऊन आता इतकी वर्षं झाली की घरच्यांना मीच पुणेकर वाटतो. त्यामुळे आपल्याकडून नवीन आलेल्या पोरांचे फोन मला येतात, आणि तेही रस्त्याच्या कडेला उभं राहून: "दादा, समोरचा म्हणतोय पाच हजार द्या आणि मिटवा. देऊ का?"

मी आधी दोन गोष्टी विचारतो. कुणाला लागलंय का? आणि तुझ्या पॉलिसीला एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, किती आहे? पहिल्याचं उत्तर "थोडंसं खरचटलंय" असं आलं तरी दुसऱ्याकडे मी जातच नाही. पत्र्याचं नुकसान जागेवर मिटवायला माझी हरकत नाही. माणसाला लागलं असेल तर जागेवर मिटवू नका. समोरचा कितीही भला वाटला, तुम्हाला ऑफिसला कितीही उशीर होत असला, तरी नाही.

हे एवढं ठासून सांगायचं कारण म्हणजे हे दुचाकींचं शहर आहे. तुमच्या चारचाकीची टक्कर झाली तर ती बहुतेक वेळा दुचाकीशीच होणार. पडलेला माणूस झटकन उठतो, कपडे झटकतो, लाजल्यासारखं "काही नाही झालं" म्हणतो, दोन हजार घेतो आणि निघून जातो. रात्री त्याचा गुडघा सुजतो. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघतं आणि घरचे त्याला पोलीस ठाण्यात घेऊन जातात. आता त्या तक्रारीत तुम्ही कोण? तर ठोकून निघून गेलेला एमएच २४, म्हणजे लातूरच्या प्लेटचा, गाडीवाला. दिलेल्या दोन हजारांचा उल्लेख तक्रारीत असेलच असं नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ या बाबतीत सरळ आहे. जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना कळवायचं (जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या ठाण्यात) आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचं, ही चालकाची जबाबदारी आहे. ती टाळली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय "आमची तडजोड झाली" असं लिहून घेतल्याने फौजदारी बाजू मिटत नाही. बेदरकार गाडी चालवण्याचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, दोघांनी आपसात मिटवण्याच्या गुन्ह्यांत मोडतच नाही. दुखापतीच्या गुन्ह्यात तडजोड होते, पण न्यायालयाच्या परवानगीने. चौकातल्या चहाच्या टपरीवर नाही.

म्हणून लागलं असेल तर १०८ ला फोन करा किंवा स्वतः दवाखान्यात न्या, आणि ११२ वर कळवा. अपघाताचा रुग्ण म्हटल्यावर दवाखाना एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद) करतो आणि पोलिसांना कळवतोच. मग ते आपण आधी कळवलेलं बरं. पोलिसांत नोंद होण्यात जखमीचाही फायदा आहे. २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना आणली आहे. ठरलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखांपर्यंतचा खर्च त्यात बसतो, आणि त्यासाठी अपघात पोलिसांकडे नोंदलेला लागतो. दवाखान्याचं पहिलं बिल तुम्ही भरलंत तर बिघडत नाही, माणुसकी म्हणून भराच. पावती जपून ठेवा. फक्त "पुढचा सगळा खर्च माझा" असं तोंडी किंवा लेखी कबूल करू नका. पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरांत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही. थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा विमा, याच प्रसंगासाठी असतो. भरपाई ठरवायला शिवाजीनगर न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, आणि जखमीला मिळणारी रक्कम तुमची विमा कंपनी भरते. तिथे जे लाखांत ठरू शकतं ते तुम्ही रस्त्यावर हजारांत मिटवायला गेलात, तर ते मिटलेलं नसतं.

आता पत्र्याकडे येऊ. इथे मात्र गणित करायचं असतं, आणि ते बहुतेक लोक करत नाहीत. "फुल्ल इन्शुरन्स आहे ना, क्लेम टाक" असं सोसायटीतले चार जण सांगतील. थांबा.

सलग वर्षं क्लेम घेतला नाही तर पॉलिसीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) भागावर सूट मिळते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. हीच एनसीबी. एक क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला ती शून्यावर येते, आणि पुन्हा २० पासून चढायची. समजा तुमचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १२,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात, म्हणजे ६,००० भरता. क्लेमनंतर पहिल्या वर्षी पूर्ण १२,००० भराल, मग ९,६००, मग ९,०००, ७,८०० आणि ६,६००. पूर्ववत ५० टक्क्यांवर येईपर्यंत एकूण १५,००० जास्तीचे गेले. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा मूळ हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. वर जीएसटी धरा. पण साधारण अंदाज आला ना?

शिवाय क्लेम घेतला तरी सगळं मिळत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये दर क्लेमला पदरचे घालावेच लागतात. झिरो डेप (भागांच्या घसाऱ्याची कपात न करणारं जादा कव्हर) घेतलेलं नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. आणि बंपर कशाचा असतो? प्लास्टिकचा. म्हणजे बंपर आणि थोडं डेंटिंग-पेंटिंग असा आठ-नऊ हजारांचा खर्च असेल आणि एनसीबी ५० टक्के असेल, तर क्लेम घेणं हा तोट्याचा धंदा आहे. उलट पॉलिसी पहिल्या-दुसऱ्या वर्षाची असेल, किंवा एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम घेऊनही एनसीबी टिकवणारं जादा कव्हर) घेतलेलं असेल, आणि हेडलाइट, बॉनेट, रेडिएटरपर्यंत मार गेला असेल, तर मिटवामिटवीत वेळ घालवू नका. सरळ कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरने पाहीपर्यंत गाडी खोलू देऊ नका.

"चूक त्याची आहे, मग त्याच्या विम्यातून घेऊ" असं नवीन माणसाला वाटतं. कायद्याने घेता येतं. खासगी गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण त्यासाठीही न्यायाधिकरणातच जावं लागतं. फाटलेल्या बंपरसाठी तारखा घेत बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळे खरे पर्याय तीनच: समोरच्याकडून पैसे घेणं, स्वतःचा क्लेम, किंवा आपापलं आपण बघणं. हा तिसरा पर्याय पुण्यात सगळ्यात जास्त चालतो आणि माझ्या मते छोट्या घासाघाशीला तोच शहाणपणाचा आहे.

समोरच्याकडून पैसे घेतले असतील तर त्याच नुकसानीचा क्लेम पुन्हा टाकू नका. एका नुकसानीचे दोनदा पैसे घेता येत नाहीत. शिवाय तुम्ही "आता काही मागणं नाही" असं लिहून दिलं असेल तर कंपनीला त्याच्याकडून वसूल करण्याचा रस्ता बंद होतो, आणि कंपनी त्यावर बोट ठेवू शकते.

रस्त्यावर करायचं काय? आधी गाड्या हलवण्यापूर्वी मोबाइलवर व्हिडिओ: दोन्ही नंबर प्लेट, गाड्या कशा उभ्या आहेत, मार कुठे लागलाय. मग लगेच कडेला. नवले पुलाच्या उतारावर असाल तर व्हिडिओचाही मोह नको. कात्रज बोगद्याकडून उतरणाऱ्या अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन तिथे किती अपघात झालेत हे पेपरात वाचलं असेलच. तिथे उभं राहून बंपरवर चर्चा करायची नसते.

तोपर्यंत गर्दी जमलेली असते. तिच्यात एक काका असतातच, जे कुणी न विचारता निकाल देतात, आणि तो बहुधा मोठ्या गाडीच्या विरोधात असतो. प्लेट बाहेरची असेल तर "हे बाहेरून येतात आणि..." हेही ऐकायला मिळेल. ऐकून घ्यायचं. त्यांना दादा-काका म्हणायचं, आवाज चढवायचा नाही आणि निकाल मानायचा नाही. कुणी लायसन्स किंवा गाडीची किल्ली "ठेवून जा" म्हणालं तर अजिबात द्यायची नाही. फोटो काढू द्या, पुरे. अंगावर यायला लागले तर काचा वर, दरवाजे लॉक आणि ११२. हिंजवडी-वाकड पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आणि बाणेर-बालेवाडी पुण्याच्या, हा घोळ तुम्ही निस्तरायची गरज नाही, तो ११२ वालेच बघतात.

रक्कम अंदाजाने ठरवू नका. तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या माणसाला फोटो पाठवा, तो ढोबळ खर्च सांगतो. समोरच्या गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी अॅपवर टाकला तर तिचा विमा चालू आहे का तेही दिसतं. विमा संपलेला निघाला की आवाज चढवणारा माणूस पटकन मवाळ होतो, हा अनुभव आहे. पैसे द्यायचे ते यूपीआयने, त्याच माणसाच्या खात्यावर आणि मेसेजमध्ये गाडी नंबर लिहून. मग साध्या कागदावर तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, काय तुटलं, किती दिले आणि "या गाडीच्या नुकसानीबाबत आता काही मागणं नाही", एवढं आणि दोघांच्या सह्या. कुणाला दुखापत झाली नाही हेही लिहा. चूक कुणाची, हे लिहू नका. कागद नको म्हणाला तर हेच व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि त्याच्याकडून "ओके" घ्या.

काही गाड्यांशी मिटवता येतच नाही. पीएमपीच्या (शहर बसच्या) चालकाला तसा अधिकार नाही, सरकारी गाडीचंही तेच. ट्रक आणि कॅबचा चालक पुष्कळदा मालक नसतो, त्याच्या खिशात द्यायला काही नसतं. नंबर घ्या आणि क्लेमचा विचार करा. तुमची गाडी कंपनीच्या लीजवर असेल तर ती तुमची नाहीच, आधी ऑफिसच्या अॅडमिनला फोन. दारू प्यायलेला माणूस दुप्पट देतो म्हणाला तरी पोलिसांनाच बोलवा. आणि "तुमचा आरसा माझ्या हाताला लागला" म्हणत पैसे मागणारा भेटला तर शांतपणे म्हणा, "चला, आधी दवाखाना, मग चौकी." खरंच लागलं असेल तर तो येईल.

सेकंड हँड गाडी घेऊन आला असाल तर एक तपासणी लगेच करा. आरसी तुमच्या नावावर झाली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, असं फार वेळा होतं. कायद्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलायला अर्ज करायचा असतो. तो केला नसेल तर दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचं संरक्षण चालू राहतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकतो, आणि मग वरचं सगळं एनसीबीचं गणित करायला जागाच उरत नाही. तसंही जुन्या मालकाची एनसीबी तुम्हाला मिळत नाही, ती त्याची असते. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर क्लेम फॉर्मवर सही त्यांची लागेल. आज रात्री घरी फोन कराल तेव्हा पॉलिसीचा फोटो मागवून घ्या.