इथेनॉलचे शेअर घ्यायचेत? आधी एवढं बघा

साखर कारखान्याचा शेअर इथेनॉलच्या नावाने घ्यायचा असेल तर पहिलं काम, कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि डिस्टिलरी (जिथे इथेनॉल बनतं) कशावर चालते ते शोधा, नुसत्या उसावर की मका-तांदळावरही, कारण डिसेंबर 2023 मध्ये पाऊस कमी म्हणून सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका फटक्यात ब्रेक लावला होता आणि शेअर धपाधप पडले, पुढच्या हंगामासाठी बंदी उठली पण तोवर ज्यांनी घाबरून विकलं ते गेले ना राव!

मग भाव. उसाच्या रसापासूनचं इथेनॉल 65.61, बी हेवी मळीपासूनचं (साखर पूर्ण न काढलेली मळी) 60.73 रुपये लिटर, हे 2024-25 चे दर, आणि ते सरकार ठरवतं, कंपनी नाही. उसाची एफआरपी (शेतकऱ्याला द्यावाच लागणारा उसाचा किमान दर) वाढली आणि हे दर तिथेच राहिले की मार्जिन गेलं, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा.

मागणीचं म्हणाल तर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं टार्गेट 2030 वरून 2025-26 वर आणलं, ते जवळपास गाठलंय. आता पुढे 27 टक्के वगैरे चर्चेवर पैसे लावू नका. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, मायलेजवरून लोक आधीच वैतागलेत.

कर्ज किती तेही बघा.