जुनी सोसायटी ग्रीन करायचीय? मग सोलर सगळ्यात शेवटी घ्या

ग्रीन बिल्डिंग म्हटलं की डोळ्यासमोर हिंजवडीकडचे काचेचे टॉवर येतात, लॉबीत भिंतीवर वेली आणि खाली चोवीस तास एसी. आपल्यातले बरेच जण मात्र तीस वर्षं जुन्या चार मजली बिल्डिंगमध्ये राहतात आणि रिडेव्हलपमेंटचं गाजर दहा वर्षं तसंच लटकतंय. तर आहे त्या बिल्डिंगचं काय करता येतं ते लिहितोय. मी पुण्यात कोथरूडला २४ फ्लॅटच्या सोसायटीत चार वर्षं सेक्रेटरी होतो, म्हणजे चार वर्षं शिव्या खाल्ल्या.

आमची सगळ्यात मोठी चूक झाली ती क्रमाची. आम्ही उत्साहात आधी सोलर बसवलं, फोटोबिटो काढले, पेढे वाटले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये ओल आली. वॉटरप्रूफिंगवाला वर जाऊन आला नि म्हणाला, आधी हे सगळं काढा मग बोलू. पॅनल काढायचे पैसे वेगळे, परत बसवायचे वेगळे, आणि त्या वर्षीच्या एजीएमला (वार्षिक सभेला) काय झालं ते विचारूच नका. पॅनल २५ वर्षं टिकतं हो, पण खालचा स्लॅब तेवढी वर्षं कोरडा राहणार आहे का हे कोणी बघितलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम नळ-टाक्यांमधली गळती शोधायचं, ते जवळजवळ फुकटात होतं. रात्री १ वाजता बिल्डिंग झोपलेली असते, बोअरची मोटर बंद ठेवा, वरच्या टाकीत काठी बुडवून पाण्याची खूण करा, ४ वाजता परत बघा. आमची टाकी ३ मीटर बाय २ मीटर, म्हणजे पाणी १ सेंटिमीटर उतरलं की ६० लिटर गेलं. पहिल्या रात्री ९ सेंटिमीटर उतरलं! तीन तासांत ५४० लिटर, दिवसाचे झाले चार हजारांच्या वर, म्हणजे सव्वादोन-अडीच दिवसांत १० हजार लिटरचा एक टँकर नुसता गटारात. आणि आम्ही टँकरवाल्याच्या नावाने बोटं मोडत होतो.

हे पाणी जातं कुठे तर बहुतेक वेळा फ्लशच्या टाक्यांमधून, तिथलं रबरी वॉशर कडक होतं आणि पाणी भांड्यात आवाज न करता झिरपत राहतं. टाकीत चिमूटभर खायचा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला की समजायचं गळतंय. आम्ही एका रविवारी सगळ्या घरी पुड्या वाटल्या, पोरांना ते काम फार आवडलं. नंतर प्लंबरला एकच दिवस बोलवून सगळीकडचे वॉशर घाऊक बदलून घेतले. त्याच दिवशी किचन आणि बेसिनच्या नळांना एअरेटर लावून घ्या, ती छोटी जाळी असते, धार तेवढीच वाटते पण पाणी बरंच कमी लागतं. बाथरूममधल्या बादलीच्या नळाला लावू नका, बादली भरायला वेळ लागला की लोक दुसऱ्या दिवशी काढून फेकतात.

मग टेरेस. मार्च-एप्रिलमध्ये डाऊनटेक पाईपांची (पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाईपांची) तोंडं बंद करून दोन-तीन इंच पाणी ४८ तास साठवून ठेवा, वरच्या मजल्यावर कुठे ओल येते ते खडूने मार्क करा. बहुतेक वेळा स्लॅबच्या मधोमध काही नसतं, पॅरापेटच्या (टेरेसच्या कठड्याच्या) कोपऱ्यात आणि पाईप स्लॅबमधून जातो तिथे फट असते. ते नीट करून झालं की वर पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह कोट मारून घ्या, बजेट असेल तर पांढरं चायना मोझेक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर. पांढऱ्या पृष्ठभागावरून बरंचसं ऊन परत जातं, स्लॅब तापत नाही, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत बसतो तो प्रकार कमी होतो. आमच्या काकू आता मे महिन्यात फॅनवर झोपतात, एसी लावावा लागत नाही असं त्या स्वतः सांगतात (ओलीचा विषय मात्र अजून काढतातच).

पावसाच्या पाण्याचं गणित सोपं आहे, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आमचं टेरेस साधारण ४२० चौरस मीटर, पुण्याचा पाऊस धरा ७०० मिलिमीटर, त्यातलं वीस टक्के उडालं सांडलं असं समजा तरी सव्वादोन लाख लिटरच्या वर जातं, तेवीस टँकर. आमच्याकडे साठवायला जागा नाही म्हणून डाऊनटेक पाईप एकत्र जोडून फिल्टरमधून बोअरच्या बाजूच्या शोषखड्ड्यात सोडलेत. खड्ड्यात खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू. दोन गोष्टींत तडजोड नको. पार्किंगचं पाणी बोअरकडे अजिबात वळवायचं नाही, त्यात ऑइल असतं. आणि पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं, त्यासाठी फिल्टरच्या आधी एक वॉल्व्ह ठेवा, कारण कबुतरांनी आठ महिने टेरेसवर जे केलेलं असतं ते सगळं त्या पाण्यात असतं. मे अखेरीस टेरेस झाडून फिल्टर धुवायचं काम कोणाचं ते वॉचमनच्या वहीत नावानिशी लिहून ठेवा, नाहीतर तो फिल्टर तीन वर्षांनी उघडला जातो आणि आत चिखल.

ओल्या कचऱ्यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात आणि चूक सगळ्यांची एकच असते, सुका पाला कमी पडतो. २४ घरांचा रोजचा दहा-बारा किलो ओला कचरा येतो. भोकांचे दोन पिंप घ्या, ओल्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच सुका पाला आणि आठवड्यातून एकदा तांब्याभर आंबट ताक. ओलावा बघायचा तर मुठीत घेऊन दाबा, पाणी टपकलं तर जास्त ओलं, बेसनाच्या लाडवासारखं वळलं तर बरोबर. वास आला की पाला घाला, मुंग्या झाल्या की पाणी शिंपडा, एवढंच शास्त्र. आमचं बिघडलं ते मे महिन्यात, घराघरातून कलिंगडाच्या साली आल्या, पिंपात नुसतं सरबत झालं आणि तळमजल्यावाल्यांनी खिडक्या लावून घेतल्या. तेव्हापासून फेब्रुवारीत देशी बदामाची पानं गळायला लागली की आम्ही पोत्यात भरून ठेवतो, आधी तीच पानं वॉचमन जाळायचा. गणपतीतलं निर्माल्य पण ह्यातच घालतो, फक्त हारांचे दोरे काढून.

आता सोलर घ्या. आधी कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं काढा, लिफ्ट, मोटर, जिन्यातले दिवे मिळून महिन्याला किती युनिट जातात ते बघा आणि तेवढंच बसवा. १ किलोवॅटमधून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात आणि जागा लागते साधारण १०० चौरस फूट, म्हणजे १० किलोवॅटला हजार चौरस फूट, महिन्याला बाराशे युनिट. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये सबसिडी आहे, पण ती नंतर खात्यात येते त्यामुळे सुरुवातीला पूर्ण पैसे तुमचेच जाणार हे सभेत आधीच सांगून टाका. नेट मीटरिंगचा (जास्तीची वीज ग्रीडला देऊन बिलातून वळती करून घ्यायची सोय) अर्ज महावितरणकडे करायचा. जागा ठरवताना सावली डिसेंबरमध्ये बघा, सकाळी १० ला आणि दुपारी ३ ला, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि टाकीची, लिफ्टरूमची सावली उत्तरेकडे लांबच लांब पडते. एप्रिलमध्ये जागा बघायला आलेला माणूस टाकीच्या उत्तरेला पॅनल सुचवत असेल तर नको म्हणा.

आणि वरची एक लांब पट्टी मोकळी सोडा, पॅनलला नाही, पापड-कुरडयांना. आमच्याकडे सोलरला सगळ्यात कडक विरोध ह्याच मुद्द्यावर झाला होता आणि तो बरोबरच होता.

पुणे महापालिका सोलर, पावसाचं पाणी, गांडूळखत ह्यातलं एक असेल तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट देते. त्यासाठी बसवलेलं सगळं चालू पाहिजे, म्हणून पॅनल धुवायचं काम पण वॉचमनच्या त्याच वहीत लिहा, पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी ७ च्या आत. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही.