उन्हाळ्याआधीची तयारी: पातळ ऑफिस लॅपटॉप घेताना आणि वापरताना

पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा ३८-४० अंशांवर जातो आणि पातळ, हलक्या लॅपटॉपचा कस तेव्हाच लागतो. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांवर स्वतःचा वेग आवरतो. तिथपासून खोलीतल्या हवेपर्यंत जितका फरक, तितकी उष्णता बाहेर पडते. २४ अंशांच्या एसी केबिनमध्ये सलग २० वॉट (प्रोसेसर खातो ती वीज, जी शेवटी उष्णता होते) पेलणारा लॅपटॉप स्लॅबखालच्या ३८ अंशांच्या खोलीत, पंखा तितकाच फिरत असला तरी, १६ वॉटच्या आसपास येतो. म्हणून खरेदी असो की साफसफाई, होळीच्या आत उरका.

आधी कागद-पेन घ्या आणि सलग पाच-दहा मिनिटं जोर लावणारं काम कोणतं, ते लिहा. टॅली, एक्सेल, मेल ही झटक्याची कामं. प्रोसेसर दोन सेकंद उसळतो आणि शांत होतो. कोड बिल्ड करणं, व्हिडिओ एक्स्पोर्ट, व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालवलेला दुसरा संगणक) ही दमाची कामं. एक भार मात्र बहुतेक जण लिहायचाच विसरतात: तासभराचा व्हिडिओ कॉल, त्यात धूसर केलेली पार्श्वभूमी, जोडीला बाहेरचा मॉनिटर आणि मागे चाललेलं अँटिव्हायरसचं स्कॅन. तक्रारी बहुधा इथूनच येतात.

आता प्रोसेसर. झटक्याच्या कामांना इंटेलची यू मालिका (मूळ क्षमता १५ वॉट) पुरते. दमाच्या कामांना २८ वॉटचा वर्ग बघा: बाराव्या-तेराव्या पिढीतली पी मालिका, कोअर अल्ट्रा १५५एच किंवा एएमडीचा रायझन ७ ७८४०यू. पण २८ वॉटची चिप एकाच छोट्या पंख्याच्या, अगदी पातळ साच्यात बसवलेली असेल, तर ते वॉट कागदावरच राहतात. त्यामुळे पंखे किती, हवा आत कुठून येते आणि गरम हवा कुठून बाहेर पडते, हे मॉडेल उलटं करून बघाच. आय५ सोडून आय७ घेण्याआधीही थांबा. आय५-१३३५यू आणि आय७-१३५५यू या दोन्हींत १० कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आणि १२ एमबी कॅश (चिपमधली जलद मेमरी) आहे; फरक आहे तो कमाल वेगात, ४.६ विरुद्ध ५ गिगाहर्ट्झ, शिवाय थोडा ग्राफिक्समध्ये. तापलेल्या साच्यात तो कमाल वेग सलग कामाला मिळतच नाही. तेच पैसे ८ ऐवजी १६ जीबी रॅमला घाला. रॅम दोन चॅनलमध्ये (दोन समांतर मार्गांवर) आहे ना, तेही विचारा, कारण एकाच चॅनलवर इंटेलच्या चिपमधल्या आयरिस एक्सई ग्राफिक्सचा जोर बराच कमी होतो. रायझनच्या सात हजारी नावांत तिसरा आकडा पिढी सांगतो: ७७३०यू म्हणजे जुनी झेन ३ रचना, ७८४०यू म्हणजे नवी झेन ४. इंटेलची कोअर अल्ट्रा २००व्ही मालिका बहुतांश १७ वॉटची, थंड आणि बॅटरीला उत्तम, पण तिची रॅम चिपसोबतच येते, नंतर वाढवता येत नाही. स्नॅपड्रॅगनचं (इंटेल-एएमडीहून वेगळ्या घडणीच्या चिपचं) मॉडेल घ्यायचं असेल तर आपलं व्हीपीएन, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि डिजिटल सहीचा डोंगल त्यावर चालतो का, हे आधी लावून बघा.

नव्या लॅपटॉपची चाचणी तो बदलून मिळण्याची मुदत असतानाच करा, दुपारी दोन ते चारमध्ये, एसी बंद ठेवून. सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरवर जोर लावणाऱ्या सॉफ्टवेअरची मल्टी-कोअर चाचणी १० मिनिटं चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे वॉट-तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. त्यात सीपीयू पॅकेज पॉवर या ओळीवर नजर ठेवा. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात आकडा ४० वॉटच्या वर दिसू शकतो. तो धरू नका. आठव्या मिनिटाचा आकडा खरा. वॉट घसरले, पण तापमान ७५च असेल, तर गोंधळू नका. काही मॉडेलांत बाहेरच्या पत्र्याच्या तापमानाचा वेगळा सेन्सर असतो. मांडी भाजू नये म्हणून तो आधीच लगाम खेचतो. हीच चाचणी एकदा बॅटरीवर करा. गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज गेली की काम त्याच वेगाने करावं लागेल.

चार्जर पेटीतलाच वापरा, म्हणजे बहुधा ६५ वॉटचा. ४५ वॉटच्या चार्जरवर किंवा ३ अँपिअरच्या केबलवर (कमाल ६० वॉट) बॅटरी भरत असताना लॅपटॉप प्रोसेसरचे वॉट कापतो आणि दोष उगाच उष्णतेवर जातो.

लॅपटॉप जुना असेल तर खालचं झाकण उघडायला हवं. दोन वर्षांत रेडिएटरच्या पात्यांवर धुळीचा, तंतूंचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही. आधी बॅटरी बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बंद करा किंवा तिची पिन काढा. पंख्याचं पातं टूथपिकने अडवा आणि मगच हवा मारा, नाहीतर पंखा प्रमाणाबाहेर गरगरून बेअरिंग बिघडतं. आठव्या मिनिटाचे वॉट तरीही पडलेलेच असतील तर चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून नेणारा धातूचा भाग) यांमधली थर्मल पेस्ट बदला. पेस्ट आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (जुनी पेस्ट पुसायला) पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारा. लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं, त्यामुळे पेस्टचा पातळ थर पूर्ण चिपवर पसरायला हवा. एक कोपरा कोरडा राहिला तरी तेवढाच भाग तापतो. हीटसिंकचे स्क्रू त्यावर कोरलेल्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. वॉरंटी चालू असेल तर मात्र यातलं काही घरी करू नका, सर्व्हिस सेंटरला सांगा.

दिवसभर चार्जिंगला लावूनच वापरणार असाल, तर कंपनीच्या अॅपमधून चार्ज ८० टक्क्यांवर थांबवा. पूर्ण भरलेली आणि सतत गरम राहणारी लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते, फुगतेही. महिन्यातून एकदा लॅपटॉप सपाट काचेवर ठेवा. तो डुगडुगला किंवा टचपॅड दाबायला कडक लागला, तर चार्जर काढा, बंद करा आणि बॅटरी टोचू-दाबू न देता बदलून घ्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचऱ्यातच द्या.