गाठ उगवली नाही? पेशींआधी जमीन तपासा: या चुका टाळा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पीएचडीची मुलं शेव-उसळ खायला येतात ती बहुधा आलेख घेऊनच. "सर, उंदरात कर्करोगाच्या पेशी टोचून तिसरा आठवडा संपला, गाठच नाही. पेशी मेल्या असतील." माझा पहिला प्रश्न ठरलेला: सुई कुठे मारलीस?

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी उंदराच्या कुशीत, कातडीखाली टोचतात, कारण तिथे गाठ मोजायला सोपी. पण तिथले फायब्रोब्लास्ट (ऊतींचा आधार विणणाऱ्या पेशी), रक्तवाहिन्या, रोगप्रतिकारक पेशी स्तनातल्यासारख्या नसतात. इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्येच कर्करोगाच्या बीबरोबर जमिनीचाही विचार करायला सांगितलं होतं.

सगळ्यात जास्त फसवते ती सुईची जखम. कोंबड्यांत गाठी आणणारा रूस सार्कोमाचा विषाणू कोंबडीच्या नवजात पिलाच्या पंखात टोचला की तिथे गाठ येते. तोच भ्रूणात टोचला तर येत नाही, मात्र त्या भ्रूणाच्या पेशी काढून बशीत वाढवल्या की कर्करोगी वळण घेतात! हे अमेरिकेतल्या कर्करोग-संशोधक मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेने 1984 मध्ये दाखवलं. पुढे तिथेच दिसलं की विषाणू पिलाच्या रक्तात फिरत असला तरी दुसऱ्या पंखात गाठ येत नाही. त्या पंखाला जखम केली तर येते. म्हणून नुसता न टोचलेला उंदीर 'कंट्रोल', म्हणजे तुलनेचा उंदीर, म्हणून चालत नाही. त्यालाही तीच सुई, तेवढंच सलाइन, त्याच दिवशी. पेशी मॅट्रिजेलमध्ये (पेशींना आधार देणाऱ्या प्रथिनांच्या जेलमध्ये) मिसळल्या असतील तर त्यालाही मॅट्रिजेल. ते उंदराच्याच गाठीतून काढतात, वाढीचे घटक त्यात असतातच. लॉट नंबर वहीत लिहा.

मानवी पेशी वापरत असाल तर आणखी एक गोम: उंदराचं आयएल-6 (पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक प्रथिन) मानवी पेशीवरच्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, चालत नाही. म्हणजे शेजार आहे, पण भाषा वेगळी. आणि मानवी पेशी नाकारू नयेत म्हणून वापरतात त्या न्यूड (केस नसलेल्या) उंदरात रोगप्रतिकारक टी पेशी नसल्या तरी परक्या पेशी मारणाऱ्या एनके पेशी असतात, हे मुलं हटकून विसरतात.

राहिलं तापमान. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या 22 अंश सेल्सिअसवर उंदीर कुडकुडतो. त्याला 30च्या आसपास बरं वाटतं. अमेरिकेत 2013 मध्ये दिसलं, की 30 अंशांवर ठेवलेल्या उंदरांत प्रतिकारशक्ती जोमदार राहिली आणि गाठी हळू वाढल्या. आमच्या वेळी मे महिन्यात ॲनिमल हाउसचा एसी आठवडाभर बंद होता. गाठी मंदावल्या, आणि श्रेय आम्ही औषधाला दिलं. एसी दुरुस्त झाल्यावर तेच औषध अचानक निकामी ठरलं.