भजनं-दशावतार ऐकायला मेमरी कार्ड किती जीबीचं?

१२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट, म्हणजे आवाजाचा दर्जा ठरवणारा वेग) एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो. म्हणजे चार तासांचा दशावतार २३० एमबीत बसतो आणि ८ जीबीच्या कार्डात सव्वाशे तासांहून जास्त ऐकणं मावतं. सावंतवाडी ते मुंबई प्रवासात बोगद्यांत रेंज जाते, तिथे एवढं भरपूर झालं. ३२० केबीपीएस घेतलंत तर जागा अडीचपट लागते. डबलबारीच्या (दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या) मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगला त्याचा काही उपयोग नाही, मूळ आवाजच तेवढा नसतो. फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळता साठवलेल्या मोठ्या फाइली) ठेवणार असाल तरच मोठं कार्ड घ्या. पण आधी प्लेअर तपासा: बरेच स्वस्त प्लेअर ३२ जीबीपर्यंतच चालतात, ६४चं कार्ड एक्सफॅट (मोठ्या कार्डांवर फाइली मांडायची पद्धत) असल्याने वाचतच नाहीत. आणि खाऱ्या दमट हवेत कार्ड उघडं ठेवू नका, संपर्कपट्ट्या काळवंडतात.