हात सुधारण्याआधी रेषा मोजा: बास्केटबॉल मैदानाच्या चुकीच्या आखणीचा शूटिंगवर होणारा परिणाम आणि तो तपासण्याची रीत

पावसाळा सरला की कोकण किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांच्या उघड्या बास्केटबॉल मैदानांवर एक काम ठरलेले असते. शेवाळ घासून काढायचे, कोबा धुऊन वाळवायचा आणि चार महिन्यांच्या पावसाने पुसट झालेल्या रेषा पुन्हा रंगवायच्या. हे काम बहुधा गावातल्या रंगाऱ्याकडे जाते, आणि तो बिचारा टेप न लावता जुन्या रेषेच्या खुणेवरूनच ब्रश फिरवतो. जुनी रेषा चुकलेली असेल तर ती चूक दर वर्षी नव्या रंगात अधिक पक्की होत जाते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी मुलींच्या संघाला शिकवत असताना हे मला फार उशिरा कळले. आमची एक खेळाडू घरच्या मैदानावर समोरून तीन गुणांचे बास्केट सहज करायची आणि बाहेरच्या सामन्यात मात्र तिचा चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायचा. मी तीन आठवडे तिचे कोपर, मनगट आणि गुडघ्यांचा वाक बदलत राहिलो. शेवटी टेप लावला तेव्हा आमच्या मैदानावरची रेषा समोरच्या बाजूला सदतीस सेंटिमीटर अलीकडे, म्हणजे रिंगच्या जवळ, निघाली. तिच्या हातात काहीच खोट नव्हती. ते तीन आठवडे तिला परत देता आले नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कोणत्या रेषेने किती फरक पडतो

आधी बरोबर मापे सांगतो. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, आणि ही मापे सीमारेषांच्या आतल्या कडेपासून घेतात. सर्व रेषा ५ सेंटिमीटर रुंद असतात. रिंगमागच्या बोर्डाचा दर्शनी भाग मैदानाच्या शेवटच्या रेषेच्या आतल्या कडेपासून १.२० मीटर पुढे असतो आणि रिंगचा मध्य १.५७५ मीटरवर येतो. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या, रेषेची बाहेरची कड शेवटच्या रेषेपासून ५.८० मीटरवर, म्हणजे बोर्डापासून ४.६० मीटरवर असते. तीन गुणांच्या कमानीची बाहेरची कड रिंगच्या मध्याखालच्या बिंदूपासून ६.७५ मीटरवर असते. दोन्ही कोपऱ्यांत ही रेषा सरळ होते आणि बाजूच्या रेषेपासून ०.९० मीटर आत राहते, त्यामुळे तिथे रिंगपर्यंतचे अंतर ६.६० मीटर भरते.

आता चेंडूचा विचार करू. रिंगचा आतला व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर असतो आणि पुरुषांच्या सात नंबरच्या चेंडूचा सुमारे २४. चेंडू सरळ वरून पडला असता तर दोन्ही बाजूंना दहा सेंटिमीटरची सूट मिळाली असती, परंतु तो तिरका उतरतो. पंचेचाळीस अंशांच्या कोनात येणाऱ्या चेंडूला रिंगचे तोंड सुमारे ३२ सेंटिमीटरच दिसते, आणि कडेला न शिवता आत जायचे असेल तर पुढे किंवा मागे जेमतेम साडेपाच सेंटिमीटरची चूक चालते. उंच कमानीने टाकणाऱ्याला ही सूट थोडी जास्त मिळते, सपाट टाकणाऱ्याला त्याहून कमी. एकाच जोराने आणि एकाच कोनात टाकलेला चेंडू, पाय जितके मागे तितका अलीकडे पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे रेषेतील दहा सेंटिमीटरच्या चुकीलाही का महत्त्व द्यावे हे समजते.

मात्र सर्व शॉटवर हा परिणाम सारखा होत नाही, आणि हा भेद प्रशिक्षकाने नीट समजून घ्यावा. धावत येऊन किंवा पास घेऊन टाकणारा खेळाडू रिंगकडे पाहतो आणि अंतर डोळ्यांनी जोखतो, त्यामुळे तो काही प्रमाणात चूक भरून काढतो. फ्री थ्रोमध्ये मात्र खेळाडू रेषेला पाय लावून उभा राहतो, तोच श्वास आणि तोच ठेका धरतो, आणि हजारो वेळा केलेल्या त्या एका हालचालीवर विसंबतो. रेषा दहा सेंटिमीटर मागे असेल तर ती हालचाल निर्दोष असूनही चेंडू पुढच्या कडेवर लागेल. म्हणून माझ्या मते तीन गुणांच्या रेषेची जितकी चर्चा होते तितकीच, किंबहुना त्याहून अधिक काळजी फ्री थ्रोच्या रेषेची घ्यायला हवी. तीन गुणांच्या रेषेचा उपद्रव मुख्यतः सवयीतून होतो. खेळाडू रिंगकडे पाहत असला तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून रेषा टिपून तिच्यामागे पाय रोवतो, आणि चुकीच्या रेषेवर वर्षभर सराव झाला की शरीर तेच अंतर खरे मानू लागते.

ही चूक केवळ आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत २०२४ साली एनसीएएच्या (तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या) महिला स्पर्धेत, पोर्टलंड येथे टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट यांच्यातील उपांत्यपूर्व सामन्याच्या थोडेच आधी असे आढळले की दोन बाजूंच्या तीन गुणांच्या रेषा सारख्या नाहीत आणि एका बाजूची कमान समोरच्या भागात सुमारे नऊ इंचांनी, म्हणजे जवळजवळ २३ सेंटिमीटरने अलीकडे आहे. त्याच मैदानावर आधीचे सामनेही झाले होते. दोन्ही प्रशिक्षकांनी आहे त्या रेषेवर खेळण्यास संमती दिली आणि त्यानंतर रातोरात रेषा दुरुस्त करण्यात आली. अर्ध्या वेळानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे चुकीची बाजू दोघांच्याही वाट्याला येते हे खरे. तरीही निर्णायक दुसऱ्या सत्रात ती एकाच संघाच्या पुढ्यात असते, म्हणून ही वाटणी मला पूर्ण न्याय्य वाटत नाही.

दोष हाताचा की जमिनीचा

टेप काढण्यापूर्वी एक साधी नोंद ठेवावी. सकाळी, समुद्रावरचे खारे वारे सुटण्याआधी, दोन्ही कोपरे, दोन्ही तिरक्या बाजू आणि समोर अशा पाच जागांवरून प्रत्येकी पंचवीस शॉट एका रिंगवर आणि तितकेच दुसऱ्या रिंगवर टाकायला लावावेत. दमणूक आड येऊ नये म्हणून हे दोन सकाळींत वाटून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी बाजूंचा क्रम उलटा करावा. वहीत फक्त हुकलेला चेंडू अलीकडे पडला, पलीकडे गेला, की डावी-उजवीकडे गेला एवढेच टिपावे. एकच खेळाडू एका बाजूला सातत्याने अलीकडे पडत असेल आणि दुसऱ्या बाजूला नसेल, किंवा संघातील चार-पाच जणांचे चेंडू एकाच जागेवरून एकाच दिशेने हुकत असतील, तर संशय जमिनीवर घ्यावा. दोन्ही बाजूंना एकट्याचेच हुकत असेल तर तंत्राकडे पाहावे.

मोजायचे कसे

मोजणीची सुरुवात रंगवलेल्या कोणत्याही रेषेपासून करू नये. ती रिंगपासून करावी. आपल्या किनाऱ्यावर तर हे फारच गरजेचे आहे, कारण खाऱ्या हवेने खांबाचे बूड गंजते, बोल्ट सैल होतात आणि खांब हळूहळू झुकतो. खांब दोन अंशांनी जरी कलला तरी ३.०५ मीटर उंचीवरची रिंग दहा सेंटिमीटरहून अधिक सरकते, आणि मग जमिनीवरची रेषा मिलिमीटरपर्यंत बरोबर असली तरी तिचा उपयोग राहत नाही. गवंड्याकडून ओळंबा मागून घ्यावा. रिंगवर आडवी आणि उभी अशा दोन सुतळ्या बांधून त्यांच्या छेदातून ओळंबा सोडावा, तो स्थिर होऊ द्यावा आणि जमिनीवर जिथे टेकतो तिथे खडूने फुली करावी. त्याच वेळी रिंगची उंचीही मोजावी. जुन्या कोब्यावर नवा थर चढवलेला असेल तर रिंग तेवढीच बुटकी झालेली असते.

त्या फुलीपासून शेवटच्या रेषेच्या आतल्या कडेपर्यंत १.५७५ मीटर भरतात का ते पाहावे. न भरल्यास आधी खांब सरळ करावा, रेषांकडे नंतर वळावे. खांब ठीक असेल तर पोलादी टेप घ्यावा, कारण कापडी टेप ताणला की वाढतो आणि नायलॉनची दोरी तर त्याहून लबाड असते. टेपच्या टोकाचा आकडा थोडा हलता असतो, म्हणून फुलीवर शून्याऐवजी दहा सेंटिमीटरची खूण धरावी आणि वाचलेल्या मापातून दहा वजा करावेत. मग फुलीपासून कमानीच्या बाहेरच्या कडेपर्यंत निदान पाच ठिकाणी अंतर घ्यावे, फ्री थ्रोच्या रेषेची बाहेरची कड फुलीपासून ४.२२५ मीटरवर आहे का ते पाहावे, आणि हे सारे दुसऱ्या बाजूलाही करावे. मैदानाचे कर्णही मोजून ठेवावेत. दोन्ही ३१.७६ मीटरच्या आसपास आणि एकमेकांइतके भरले तर कोपरे काटकोनात आहेत.

मिळालेला आकडाच चुकीचे मूळ सांगतो. सगळीकडे ६.२५ आले तर रेषा १ ऑक्टोबर २०१० पूर्वीच्या नियमाची आहे, आणि बहुधा फ्री थ्रोखालचा चौकोनही अजून जुन्या समलंब आकाराचा असेल. समोर ६.३७ किंवा ६.३८ आणि कोपऱ्यांत मात्र बरोबर ६.६० आले तर कमानीचा मध्य रिंगखाली न धरता बोर्डाखाली धरला गेला आहे. आमच्याकडे नेमके हेच झाले होते. ६.८० आले तर माप आतल्या कडेला लावून रंग बाहेर भरला आहे. ६.७० किंवा ६.७१ आले तर रंगाऱ्याने बावीस फूट असा पूर्णांक धरलेला असतो. खरे माप २२ फूट पावणेदोन इंच आहे, म्हणून आखणी शक्यतो मीटरमध्येच करून घ्यावी. कोपऱ्यात ६.१० आले तर मैदानाची रुंदीच १४ मीटर आहे आणि ०.९० चे अंतर त्या अपुऱ्या सीमारेषेपासून घेतले आहे. फ्री थ्रोची रेषा फुलीपासून ४.६० मीटरवर निघाली तर बोर्डापासूनचे माप रिंगच्या मध्यापासून लावले गेले आहे, आणि अशा मैदानावर मुलांचे फ्री थ्रो का पडत नाहीत याचे दुसरे कारण शोधण्याची गरज नाही.

दुरुस्ती आणि त्यानंतरचा सराव

दुरुस्ती दसऱ्यानंतर, कोबा पूर्ण वाळल्यावर करावी. मे महिन्यात केलेली रंगरंगोटी पावसात वाया जाते. जुनी रेषा आधी जमिनीच्या रंगाने पूर्ण झाकावी, कारण दोन कमानी शेजारीशेजारी दिसत राहिल्या तर खेळाडूही गोंधळतो आणि पंचही. फुलीवर खिळा धरून न ताणणाऱ्या तारेने कमान खडूने आखावी, सरळ भाग आणि कमान शेवटच्या रेषेपासून २.९९ मीटरवर मिळतात का ते पाहावे, आणि रंगारी ब्रश उचलण्यापूर्वी प्रशिक्षकाने स्वतः पुन्हा एकदा मोजावे. हे मोजण्याचे काम कोणावर सोपवू नये. फुलीची जागा छोट्या पितळी खिळ्याने कायम करून ठेवली तर पुढच्या वर्षी जुन्या रंगाचा माग काढत बसावे लागत नाही. कबड्डी आणि व्हॉलीबॉलच्या रेषा त्याच कोब्यावर असतील तर त्यांना वेगळे रंग द्यावेत.

रेषा मागे गेल्यावर खेळाडूंना एकदम तिथून टाकायला लावू नये. अलीकडच्या रेषेवर तयार झालेला खेळाडू जास्तीचा जोर खांद्यातून आणतो, त्याने कोन सपाट होतो आणि रिंगचे तोंड आणखी लहान दिसू लागते. जोर पायांतून यायला हवा. मी पहिले चार-पाच दिवस मधल्या अंतरावरून उंच कमानीचा सराव घेतो, मग दर दोन दिवसांनी दहा-पंधरा सेंटिमीटर मागे नेतो आणि चेंडू पुढच्या कडेवर लागू लागला की एक पायरी परत येतो. सहा नंबरच्या चेंडूने खेळणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर ही घाई अजिबात करू नये.

परक्या मैदानावर सामना असेल तर थोडे लवकर पोहोचून पोलादी टेपने फ्री थ्रोची रेषा आणि समोरची कमान दोन्ही बाजूंना मोजून घ्यावी. चूक आढळल्यास ती सराव सुरू होण्यापूर्वी, समोरच्या प्रशिक्षकाला सोबत घेऊन मुख्य पंचांच्या नजरेस आणावी, कारण साहित्य आणि मैदान तपासून मान्य करणे हे त्यांचे काम आहे. सामना सुरू झाल्यावर पंच आखलेल्या रेषेप्रमाणेच दोन की तीन गुण ठरवणार, आणि हरल्यानंतर काढलेल्या टेपला कोणीही किंमत देत नाही. दुरुस्तीला वेळ नसेल तर खेळाडूंना आकडा स्पष्ट सांगावा: या बाजूला फ्री थ्रोची रेषा दहा सेंटिमीटर मागे आहे, गुडघे थोडे अधिक वाकवा. त्या बाजूला उभे राहून प्रत्येकीने दहा फ्री थ्रो टाकून घेतले की पायांना अंदाज येतो.