रॅम खरंच किती स्पीडने आणि किती व्होल्टवर चालतेय, ते कसं तपासायचं

तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेला पीसी असो की दुकानदाराने तयार करून दिलेला, खोक्यावर ३६०० छापलेली रॅम सुरुवातीला बहुतेकदा २१३३ किंवा २६६६ वरच चालते. स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, खराब नसते. तिच्यावरच्या एसपीडी नावाच्या छोट्या चिपमध्ये एक सावध, कुठल्याही मदरबोर्डावर चालेल असा वेग लिहिलेला असतो. खोक्यावरचा वेग वेगळ्या प्रोफाइलमध्ये असतो आणि ते आपणच चालू करायचं असतं. अनेक पीसी वर्षानुवर्षं तसेच चालत राहतात, पैसे मात्र पूर्ण मोजलेले असतात.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथला स्पीड हा सध्याचा वेग. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये हाच आकडा निम्मा दिसतो: ३२०० च्या जागी १६०० च्या आसपास. घाबरू नका, डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून दुप्पट करून वाचायचं.

व्होल्टेजच्या बाबतीत हमखास एक चूक होते. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमधलं १.३५ म्हणजे चिपवर लिहिलेली मागणी, प्रत्यक्ष मिळणारा व्होल्टेज नव्हे. तो बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगच्या, हार्डवेअर मॉनिटरमध्ये बघा. बोर्डावर सेन्सर असेल तर एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्येही दिसतो. डीडीआर४ पिढीच्या रॅमला मुळात १.२ व्होल्ट लागतात, प्रोफाइल लावल्यावर सहसा १.३५. डीडीआर५ ला मुळात १.१, प्रोफाइलवर साधारण १.२५ ते १.४. शेवटच्या आकड्यात एखाद्या शतांशाचा फरक चालतो. पण वेग ३६०० आणि व्होल्टेज १.२ असेल, तर कुणीतरी हाताने फक्त वेग वाढवून ठेवलाय. निळी स्क्रीन तिथूनच येते.

स्टिकवरचं लेबलही वाचा. ३२००, सीएल २२ (सीएल म्हणजे डेटा द्यायला लागणारे ठोके), १.२ व्होल्ट असं असेल तर तिच्यात बहुधा प्रोफाइल नसतंच. ती आपोआप ३२०० घेते, बोर्ड आणि प्रोसेसरने साथ दिली तर.

प्रोफाइल लावायला पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. इंटेलवर एक्सएमपी, एएमडीवर एक्स्पो, काही बोर्डांवर डीओसीपी असं नाव दिसेल. पहिलं प्रोफाइल निवडा, एफ१० ने सेव्ह करा. डीडीआर५ असेल तर त्यानंतर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. बोर्ड तेव्हा रॅमची जुळवणी करत असतो. पॉवरचं बटण दाबू नका.

वेग तरीही वाढला नाही तर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत का पाहा. एच४१० किंवा बी४६० बोर्डावर दहाव्या पिढीचा आय५ असेल, तर २६६६ च्या पुढे जाताच येत नाही. रायझन ७००० वर चार स्टिक लावल्या की एएमडीची अधिकृत मर्यादा ५२०० वरून ३६०० वर येते. त्यामुळे ३२ जीबी हवी असेल तर १६ च्या दोनच घ्या.

आता चाचणी, आणि ही टाळू नका. अस्थिर रॅम दर वेळी पीसी बंद पाडत नाही, कधी कधी ती गुपचूप फाइली बिघडवते. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन, पीसी त्यावरून सुरू करून चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. ३२ जीबीला कित्येक तास लागतात. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा वार पाहून सुरू करा. डिसेंबरच्या पहाटे पास झालेली रॅम मेच्या दुपारी चूक दाखवू शकते, म्हणून उन्हाळ्यात एकदा पुन्हा तपासा. एकही चूक चालत नाही. दिसली तर व्होल्टेज वाढवण्याआधी वेग एक पायरी खाली आणा.

पीसी सुरूच झाला नाही, तर प्लग काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत बसवा. सगळ्या सेटिंग मूळच्या होतील.